वसंतातलं हिमस्खलन : आदली रात्र कशी गेली, तिथून सुरुवात करा

भर हिवाळ्यात बर्फाच्या डोंगरावर निघणाऱ्याला पडणारा प्रश्न असतो, ‘कुठे जायचं नाही?’ वसंतात तोच प्रश्न ‘किती वाजल्यानंतर जायचं नाही?’ असा होतो. एकच उतार पहाटे पाचला फरशीसारखा कडक असतो, नऊ वाजता त्यावरून स्कीने उतरायला मजा येते आणि दुपारी बाराला तोच अख्खा खाली यायच्या बेतात असतो. उतार तोच, नकाशाही तोच, मधे फक्त सात तास गेलेले असतात.

आखलेल्या वाटा सोडून स्कीवर, स्नोशूजवर किंवा नुसत्या बुटांनी बर्फात फिरणाऱ्यांसाठी हा लेख आहे. बीकनने (प्रत्येकाच्या अंगावरच्या सिग्नल देणाऱ्या छोट्या यंत्राने) गाडलेल्याचा शोध घेणं, खणणं, बर्फाचे थर तपासणं या गोष्टी मात्र मैदानावरच शिकाव्या लागतात. लेख वाचून पोहता येत नाही, तसंच हेही.

बर्फाच्या पोटात काय बदलतं

हिवाळ्याचा बर्फ थराथरांनी साचतो. प्रत्येक हिमवृष्टीचा एक थर, मधल्या उन्हाचा एक कडक पापुद्रा, थंडीत जमिनीलगत तयार झालेले साखरेसारखे सुटे दाणे. यातला एखादा थर कच्चा असतो आणि कोरड्या थंडीत तो आठवडेच्या आठवडे तसाच दबून राहतो.

वसंतात या सगळ्यात उष्णता उतरू लागते. एक किलो बर्फ उणे १० अंशांवरून शून्यावर आणायला साधारण २१ किलोज्यूल उष्णता लागते, आणि शून्यावरचा तोच बर्फ वितळवायला ३३४. म्हणजे बर्फ शून्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. तिथे पोचल्यावर मात्र तो बराच काळ तिथेच थांबतो आणि आत येणारी उष्णता दाणे वितळवण्यात खर्च होते. वरपासून तळापर्यंत सगळा बर्फ शून्यावर आला, की त्याच्याकडे थंडीची शिल्लक उरत नाही.

आता पाण्याचं काम सुरू होतं. वाळूचा किल्ला बांधलेला असेल, तर हे लगेच कळेल. थोडं पाणी दाणे धरून ठेवतं, जास्त झालं की किल्ला बसतो. बर्फातही तसंच. शिवाय हे पाणी सरळ खाली जात नाही. एखाद्या कडक पापुद्र्यावर किंवा दाण्यांच्या आकारात मोठा फरक असलेल्या सीमेवर ते अडतं, साचतं आणि नेमकी तीच सीमा निसरडी होते.

म्हणून ऋतूतला सगळ्यात वाईट काळ बहुधा पहिल्या मोठ्या उष्णतेचा असतो. तोवर कोरड्या राहिलेल्या कच्च्या थराला पहिल्यांदाच पाणी लागतं. पुढे वितळणं-गोठणं अनेकदा झालं, की पाण्याच्या वाटा ठरून जातात, दाणे गोल आणि मोठे होतात आणि थरांमधला भेद पुसट होतो. मग बर्फाचं वागणं बरंच अंदाजात येतं. ज्या रवाळ बर्फासाठी स्कीवाले वसंताची वाट बघतात तो हाच. पण तो फेऱ्या पूर्ण झाल्यावर मिळतो, कॅलेंडरचं पान उलटलं म्हणून मिळत नाही.

रात्र

माझ्या मते वसंतातल्या सगळ्या नियोजनाचा कणा एकच प्रश्न आहे : रात्री बर्फ गोठला का, आणि किती खोल?

इथे अनेक जण फसतात, कारण ते फक्त रात्रीचं किमान तापमान बघतात. बर्फाचा पृष्ठभाग हवेइतकाच तापलेला किंवा थंड असतो असं नाही. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल, तर तो आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतो आणि हवा शून्याच्या दोन-तीन अंश वर असतानाही गोठतो. उलट ढगाळ, दमट रात्री हवा शून्याजवळ असली तरी ढग गोधडीसारखे वर पसरलेले असतात. पापुद्रा धरतच नाही, किंवा इतका पातळ धरतो की सूर्य उगवल्यावर तासाभरात फाटतो.

त्यामुळे रात्री दोनदा बाहेर डोकवा. तारे स्पष्ट दिसत होते का? किती तास? पहाटे ढग आले का? मध्यरात्रीपर्यंत निरभ्र आणि मग ढगाळ अशी रात्र फसवी असते. तंबूबाहेर बर्फ करकरतो, पण आतला गोठ उथळ राहिलेला असतो.

निघायच्या आधी हातपायांनी तपासणी करा. स्की न घालता बुटांनी उभे राहा, मग एका पायावर सगळं वजन टाका. पापुद्रा पेलतो का? काठीचं टोक जोराने मारा. भोक पाडून खालचा बर्फ मुठीत घ्या. गोळा होत नसेल तर तो कोरडा. दाबल्यावर गोळा होत असेल तर दमट. मूठ आवळल्यावर पाणी निथळत असेल, तर वरचा पापुद्रा कितीही करकरू दे, खाली लगदा आहे. अशा दिवशी तुमच्या हातात तास-दीड तास असतो, कधी तेवढाही नाही.

आणि अजिबात गोठलंच नसेल तर? बेत रद्द. तीन वाजता उठून, बूट चढवून, पुन्हा झोपायला जाणं जिवावर येतं, हे मान्य. पण वसंतातला सगळ्यात सोपा निर्णय हाच आहे, कारण तो उतारावर पाय टाकण्याआधी घेता येतो.

आदल्या संध्याकाळी : उलटा हिशेब

पहिलं काम, हिमस्खलनाचं अधिकृत पत्रक वाचणं. स्वित्झर्लंडमध्ये दावोसची एसएलएफ ही हिमसंशोधन संस्था, कॅनडात अव्हलांच कॅनडा, भारतीय हिमालयासाठी डीआरडीओची डीजीआरई ही प्रयोगशाळा अशी पत्रकं काढते. युरोपात आणि उत्तर अमेरिकेत धोका पाच पायऱ्यांवर मोजतात. वसंतात अनेकदा सकाळची पायरी वेगळी आणि दुपारची वेगळी दिलेली असते. दोन्ही वाचा. तिसरी पायरी ‘मधली’ वाटते म्हणून तिला हलकं घेऊ नका. चौथीला बहुतेक लोक घरी बसतात, तिसरीला निघतात आणि म्हणूनच जीवघेण्या अपघातांचा मोठा वाटा या पायरीवर पडतो.

मग हवामान : रात्रीचे ढग, शून्य अंशाची उंची (हवा शून्यावर येते ती), वारा, पाऊस. उंची वाढेल तसं तापमान ढोबळमानाने दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी उतरतं, पण ऊन आणि दऱ्यांतली साचलेली थंड हवा हा हिशेब सहज मोडतात. पत्रक किंवा अंदाज यांत ‘बर्फावर पाऊस’ असं दिसलं, तर मी पुढचं वाचत नाही. नव्या कोरड्या बर्फावर पाऊस पडला की तो काही मिनिटांत ते तासाभरात सुटू लागतो.

यानंतर वेळेचा हिशेब शेवटाकडून सुरू करा. समजा तुमचा मुख्य उतार आग्नेयेकडे तोंड करून आहे आणि ३५ अंशांचा आहे. अलीकडच्या दिवसांत तो दहाच्या सुमारास ढिला पडतोय. तर दहाला तुम्ही त्याच्यावरही नको आणि त्याच्या खालीही नको. उतरायला एक तास, म्हणजे माथ्यावर नऊला. चढायला पाच तास, म्हणजे निघायचं चारला. त्यात बंद तुटणं, हातमोजा हरवणं, वाट चुकणं यांचा तास धरा. तीनला निघा. आणि ठरवून टाका : नऊ वाजता जिथे असू तिथून परत. माथा पन्नास मीटरवर असला तरी. ही वेळ संध्याकाळी सगळ्यांसमोर बोलून ठेवा, कारण वर गेल्यावर घड्याळाशी वाद घालायची इच्छा प्रत्येकाला होते.

आमचा एक गट एकदा चहा आणि पट्टे यांत पन्नास मिनिटं घालवून निघाला होता. परतीत शेवटच्या उतारावर गुडघाभर लगदा लागला, आणि आम्ही बाजूच्या धारेवर पोचलो तोवर मागच्या पावलांच्या ओळीवरून एक ओला लोट निघून गेला. मोठा नव्हता. पण त्या ओळीत वीस मिनिटांपूर्वी आम्ही होतो.

परतीची वाटही याच हिशेबात घ्या. बरेच लोक माथ्याच्या उताराचा विचार करतात आणि दुपारी दरीतल्या सोप्या वाटेने निवांत चालत येतात. त्या वाटेच्या डोक्यावर पश्चिमेचे उतार तापत असतात. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथु ला कडे जाणाऱ्या रस्त्यावर दुपारच्या सुमारास हिमस्खलन झालं आणि ७ पर्यटकांचा जीव गेला. तुम्ही तीव्र उतारावर नसलात, तरी तो तुमच्या डोक्यावर असू शकतो.

उतार कसा वाचायचा

बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. त्याहून तीव्र ठिकाणी बर्फ साठायच्या आतच थोडाथोडा झडत राहतो. कोन डोळ्यांनी ठरवू नका, माणूस जवळजवळ नेहमी चुकतो. छोटं कोनमापक किंवा फोनमधलं मापक काठीवर ठेवून मोजा. पाण्याने तुडुंब भरलेला लगदा मात्र तिशीच्या बऱ्याच खालच्या उतारांवरूनही वाहत येतो, त्यामुळे वितळण ऐन भरात असताना तीस अंशांची रेषा सुरक्षिततेची हमी देत नाही.

दिशा म्हणजे घड्याळ. उत्तर गोलार्धात सकाळी आधी पूर्वेचे उतार तापतात, मग आग्नेय, दक्षिण, नैर्ऋत्य आणि दुपारी उशिरा पश्चिम. दक्षिण गोलार्धात उत्तर आणि दक्षिण यांची अदलाबदल करून वाचा. उत्तरेकडचे सावलीतले उतार वसंताच्या सुरुवातीला अजून हिवाळ्यातच असतात : कोरडा बर्फ, जुने कच्चे थर. म्हणजे एकाच दिवशी डोंगराच्या एका अंगाला वसंत आणि दुसऱ्या अंगाला हिवाळा, आणि खिंड ओलांडताना तुम्ही पाच मिनिटांत एका धोक्यातून दुसऱ्यात जाता.

काही बारकावे. उघडे खडक उष्णता साठवतात आणि आजूबाजूचा बर्फ आधी ढिला करतात, म्हणून लोट बहुधा खडकाजवळून सुटतात. ताजा बर्फ सूर्यप्रकाशाचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग परतवतो. जुना, ओला, धुळीने मळलेला बर्फ त्याहून कितीतरी कमी परतवतो, त्यामुळे मळकट उतारावरचा बर्फ लवकर ढिला पडतो. उताराच्या खाली काय आहे तेही बघा. घळ, ओढा, कडा किंवा झाडी असेल तर छोटा लोटही पुरतो. ओला बर्फ पाण्यासारखा घळींतून वाहतो आणि सपाटीवर अनपेक्षित लांब जातो.

वसंतात भेटणारे प्रकार

*ओला सुटा लोट.* एका बिंदूतून सुटतो आणि खाली पंख्यासारखा रुंद होत जातो. वेग कोरड्या स्खलनाच्या मानाने कमी, वजन प्रचंड. याच्या आधी सूचना मिळते : उतारावरून बर्फाचे गोळे घरंगळू लागतात, चाकासारख्या गुंडाळ्या बनतात.

*ओला स्लॅब.* पाणी कच्च्या थरापर्यंत पोचून अख्खी लादी सुटते. याला सूचना कमी आणि आवाका मोठा. रात्री गोठलं नाही अशा लागोपाठच्या दिवसांत हा येतो. तीन रात्री ढगाळ गेल्या असतील, तर कोणत्याही तीव्र उताराच्या वाट्याला जाऊ नका.

*सरकता बर्फ.* गुळगुळीत खडक किंवा लांब गवत असलेल्या जमिनीवरून सगळाच बर्फ हळूहळू खाली सरकतो आणि वर कमानीसारखी भेग उघडते. ही भेग कधी दिवसभर तशीच राहते, कधी महिनाभर, आणि मग दिवसा किंवा मध्यरात्री केव्हाही सुटते. इथे घड्याळाचा नियम चालत नाही. भेगेखाली जेवायला बसू नका, जायचंच असेल तर झटकन पार व्हा.

*बर्फाचे छज्जे.* वाऱ्याने कडेबाहेर बांधलेले कॉर्निस उन्हाने वाकतात आणि तुटतात, ते बहुधा आपल्या अंदाजापेक्षा बरेच मागून. धारेवर चालताना उघडी जमीन किंवा खडक पायाखाली दिसेल इतकं आत राहा. तुटलेला छज्जा खालचा अख्खा उतार सोडवू शकतो, म्हणून छज्ज्याखालचे उतार उन्हं येण्याआधी सोडा.

*वसंतातली ताजी हिमवृष्टी.* मार्च-एप्रिलमध्ये हातभर नवा बर्फ पडतो, दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन, आणि सगळ्यांना बाहेर पडायची घाई. वादळानंतरचं पहिलं ऊन हा या ऋतूतला सगळ्यात मोहक आणि सगळ्यात वाईट मुहूर्त. निदान एक-दोन दिवस जाऊ द्या.

चालताना

पहाटे धोका उलटा असतो. गोठलेल्या उतारावर पाय घसरला तर माणूस काचेवरून गेल्यासारखा जातो. क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे खिळे) आणि आइस ॲक्स (बर्फातली कुऱ्हाड) पिशवीत ठेवून उपयोग नाही, उतार सुरू होण्याआधी सपाटीवरच चढवा. हेल्मेट घाला, कारण ऊन लागताच गोठून धरलेले दगड सुटतात.

संशयित उतार एकेकाने ओलांडा. बाकीचे सुरक्षित जागी थांबून नजर ठेवतील. ‘सुरक्षित जागा’ म्हणजे धार किंवा उंचवटा, उताराच्या मधलं एकुलतं झाड नव्हे.

दर अर्ध्या तासाने बूट किती रुततो ते बघा. ही माझी सगळ्यात भरवशाची मोजणी. वर फक्त दोनेक सेंटिमीटर ढिला आणि खाली कडक, तर ठीक. घोट्यापर्यंत रुतायला लागलात तर निघायची वेळ झाली. गुडघ्यापर्यंत रुतत असाल तर ती वेळ मागेच गेली. आता तीव्र उतार टाळत, धारेने किंवा दाट झाडीतून वाट काढा. तशी वाटच नसेल, तर सुरक्षित सावलीच्या जागी संध्याकाळच्या गोठणीपर्यंत थांबणंही शहाणपणाचं. त्यासाठी जास्तीचं जॅकेट, खाणं आणि डोक्याचा दिवा जवळ हवाच.

इतर खुणा : समोरच्या त्याच दिशेच्या उतारावर ताजं स्खलन, पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज, पावलांपासून धावत जाणाऱ्या भेगा. यातली एकही दिसली तर चर्चा नको, मागे फिरा.

वसंताची आणखी एक भेट म्हणजे ओढ्यांवरचे बर्फाचे पूल. पहाटे पेलणारा पूल दुपारी पेलेलच असं नाही. हिमनदीवरच्या भेगांवरही हेच, तिथे दोराशिवाय जाऊ नये.

साधनं आणि पहिली पंधरा मिनिटं

प्रत्येकाकडे तीन वस्तू : बीकन, प्रोब (बर्फात टोचून शोधायची लांब सळई), फावडं. गटात एक नव्हे, प्रत्येकाकडे, कारण गाडला जाणारा कोण हे आधी ठरत नाही. सगळे आधुनिक बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, त्यामुळे कंपनी वेगळी असली तरी एकमेकांना ऐकतात. निघताना प्रत्येकाचं प्रक्षेपण आणि शोध दोन्ही तपासा. फोन बीकनपासून निदान २० सेंटिमीटर दूर ठेवा, आणि शोध घेताना ५० सेंटिमीटर. प्रोब २४० सेंटिमीटर किंवा जास्त लांबीचा, फावड्याचं पातं धातूचंच. ओला बर्फ थांबला की सिमेंटसारखा बसतो, प्लास्टिकचं पातं तिथे मोडतं.

लोटात सापडलात तर ओरडा, काठ्या सोडा, बाजूला निसटायचा प्रयत्न करा. वेग मंदावताच हात तोंडासमोर आणा, श्वासापुरती पोकळी राहील.

वर राहिलेल्यांनी साथीदार शेवटचा दिसला ती जागा डोळ्यांत धरायची. दुसरा लोट येण्याची शक्यता बघायची. एकाने सूत्रं घ्यायची आणि सगळ्यांचे बीकन शोधावर. नाहीतर तुमचाच बीकन खोटा सिग्नल देतो. माणसं पुरेशी असतील तर एकाने मदतीला फोन. आधी पृष्ठभागावर नजर : हातमोजा, काठी, बूट. अंतर तीन मीटरच्या आत आलं की बीकन बर्फाला टेकवून सावकाश फिरवा. सगळ्यात कमी आकडा येतो तिथून उताराला काटकोनात प्रोब टोचा, मग पंचवीस-पंचवीस सेंटिमीटरवर गोल वाढवत जा. लागल्यावर प्रोब काढू नका. प्रोबच्या खालच्या, उताराच्या पायथ्याकडच्या बाजूने, खोलीच्या साधारण दीडपट अंतरावरून, आडवं आत खणा. डोक्यावरून उभा खड्डा खणाल तर तुम्हीच श्वासाची पोकळी चिरडाल. आधी तोंड आणि छाती मोकळी करा, गरज असेल तर तिथेच कृत्रिम श्वास आणि छातीदाब सुरू करा, मग पाय.

पूर्ण गाडलेल्यांपैकी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक, दहातले सुमारे नऊ, वाचतात. पस्तीस मिनिटांवर हे प्रमाण तीनात एकाच्या आसपास येतं. जड ओल्या बर्फात मुदत आणखी आखडते. बाहेरून येणारं बचावपथक एवढ्या वेळात क्वचितच पोचतं. म्हणून हा सराव मोसमाच्या सुरुवातीला, पिशवीत बीकन पुरून, घड्याळ लावून करा. पहिल्यांदा लागणारी वेळ पाहून धक्का बसेल.

मुक्कामी परतल्यावर दोन ओळी लिहून ठेवा : कोणत्या दिशेचा उतार किती वाजता ढिला पडला, बूट कुठे किती रुतला. उद्याचा उलटा हिशेब याच आकड्यांवर बसवायचा आहे. मग जेवण, आणि झोपण्याआधी बाहेर येऊन आकाशाकडे एक नजर. तारे दिसत असतील तर गजर तीनचा.